कमळीची दृष्ट

मुलुंड कॉलनीत आमच्या बाजूला, म्हणजे डोंगराकडच्या बाजूला, जी बाळं जन्मली त्यांतली बरीचशी कमलमावशीच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली. माझी दोन्ही तिच्याच हाताखालून गेली. ती बाथरूममध्ये पाटावर पाय पसरून बसायची, बाळ नडग्यांवर पालथं घालायची आणि कढत पाण्याचे तांबे असे ओतायची की बघणाऱ्या आईनं डोळे मिटून घ्यावेत. बाळाचं डोकं दाबून गोल करायचं, नाक ओढून सरळ करायचं, हे सगळं ती अंगात तेल जिरवता जिरवताच उरकायची. माझ्या धाकट्याचं नाक तरीही बसकंच राहिलं. मी एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाली, "नाक बापाचा असा. माझ्या हातात काय?"

बाई देवगडकडची. लग्न होऊन मुंबईत आली, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सासूकडून एकच गोष्ट मिळाली, ती म्हणजे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायची विद्या. तिच्यावर तिनं आयुष्य काढलं आणि ऐटीत काढलं. कोणाच्या घरी चहासुद्धा उभ्यानं प्यायली नाही. "माका पाट देवा, मगे चाय," म्हणायची.

तिची खरी ऐट होती धुरीची. आंघोळ झाली की लोखंडी शेगडीत शेणीचे, म्हणजे गोवरीचे, निखारे, वर ओवा, बाळंतशेपा, लसणीच्या साली आणि चिमूटभर वावडिंग. पांढरा धूर उठला की दुपट्यात गुंडाळलेलं बाळ त्यावरून अलगद फिरवायची. बाळ दोनचार वेळा शिंकायचं, कुरकुरायचं आणि मग गुंगून झोपायचं. बाळ झोपलं की मावशी आमच्याकडे अशी बघायची, जणू तिनं गारुड केलंय. "धूर मारता नाय गो, धूर राखता," हे तिचं वाक्य आम्हाला तोंडपाठ होतं. हल्ली डॉक्टर धुरी नको म्हणतात. ते सांगितलं की मावशी मान डोलवायची आणि म्हणायची, "डॉक्टराक लहानपणी कोणी न्हाणयला, ता इचार."

आमच्या वरच्या मजल्यावर नलिनी आणि चंद्रप्रकाश राहतात. चंद्रप्रकाश सोसायटीचा चेअरमन. आवाज असा की पाण्याची मोटर बंद करा म्हणून तो गॅलरीतून सांगतो आणि शेजारच्या सोसायटीची मोटर बंद होते. त्यांची मानसी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मानसीलाही लहानपणी मावशीनंच न्हाऊ घातलं होतं, त्यामुळे दुसऱ्या कोणाला बोलावायचा प्रश्नच नव्हता. नलिनीनं फक्त बजावलं, "मावशी, तेल लाव, आंघोळ घाल. पण धुरी नाही हं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलंय." मावशी हो म्हणाली. मुलगी झाली होती, गोरीगोमटी, मुठी आवळून झोपणारी. मावशी तिला नाव ठेवायच्या आधीपासूनच 'चेडू', म्हणजे पोरगी, म्हणायला लागली.

आणि मार्चमध्ये डोंगर पेटला.

वणवा आम्हाला नवा नाही. उन्हाळ्यात गवत वाळलं की वर कुठेतरी एखादी रेघ पेटलेली दिसते, दुसऱ्या दिवशी काळा डाग राहतो. या वेळी रेघ विझेना. पहिल्या संध्याकाळी पोरं गच्चीवरून मोबाईलवर फोटो काढत होती. दुसऱ्या दिवशी गंमत संपली. दोरीवरच्या कपड्यांवर राख, पोळ्यांच्या डब्यावर राख, उशीला धुराचा वास. खिडक्या लावल्या तर जीव उकडतो, उघडल्या तर डोळे चुरचुरतात. आम्ही फटींमध्ये जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबल्या. अग्निशमन दलाची गाडी रस्ता संपतो तिथवर आली आणि थांबली. त्यापुढे डोंगर, पाणी चढवणार कसं? वर चढली ती माणसं, हातात हिरव्या फांद्या घेऊन, आग झोडपायला. त्यांत वनखात्याची माणसं होती आणि पायथ्याच्या आदिवासी पाड्यावरची माणसंही होती. आम्ही खाली तोंडाला रुमाल बांधून ते बघत होतो आणि एकमेकांना सांगत होतो की हे वणवे पाड्यावरचेच लोक लावतात. कोणी बघितलं होतं? कोणीच नाही. पण चारचौघांनी एकच गोष्ट सांगितली की ती बघितल्यासारखीच वाटते.

पाड्यावरची रतन रोज सकाळी आमच्या सोसायटीत यायची. दोन घरची भांडी, आणि टोपलीत शेवग्याच्या शेंगा नाहीतर जे काही मिळेल ते घेऊन दारोदार एक फेरी. मावशीची आणि तिची जुनी मैत्री. मावशीला निखाऱ्यासाठी शेण्या लागत, त्या रतनच आणून द्यायची. रतनचा मुलगा सहदेव, आता तिशीचा असेल. तो जन्मला तेव्हा मावशीनं पाड्यावर जाऊन त्याला महिनाभर फुकट न्हाऊ घातलं होतं. वर फांद्या घेऊन गेलेल्यांत सहदेवही होता.

डोंगर पेटलेला असतानाच एका सकाळी नलिनीकडे काय झालं ते आम्हाला बरंच नंतर कळलं, पण मी आधीच सांगून टाकते. लपवाछपवी करून गोष्ट रंगवण्याची मला हौस नाही. बाळ सकाळपासून शिंकत होतं. नाक वाजत होतं. मावशीनं ओळखलं, बाहेरचा वाईट धूर पोरीच्या छातीत शिरलाय. आता तिला जे येत होतं तेच तिला सुचलं. काट्यानं काटा काढतात, तसा धुरानं धूर काढायचा. येताना तिनं रतनकडून शेण्या घेतल्या होत्या. बादलीत शेगडी, शेगडीवर फडकं. नलिनी खाली दूध आणायला गेली, मानसीचा मालिशनंतर डोळा लागला, आणि मावशीनं बाथरूमचं दार लोटून घेतलं. बाथरूमच्या खिडकीत डोंगराच्या धुरासाठी कोंबलेल्या चिंध्या तशाच होत्या. एक्झॉस्ट फॅनवर तर चंद्रप्रकाशनं स्वतः पुठ्ठा चिकटवला होता.

बाळ शिंकलं. खोकलं. मग गप्प झालं. आणि मावशीला वाटलं, लागू पडली, गुंगलं. आयुष्यभर तिनं बाळं अशीच गप्प होताना पाहिली होती. ती शेगडी बाजूला सारून आरामात दुपटं सोडायला लागली, आणि तेव्हा तिला ओठ दिसले. निळसर.

तिची हाक आमच्या मजल्यावर ऐकू आली. मी धावत वर गेले तोवर दूधवाल्याकडून परत आलेली नलिनी बाळाला छातीशी धरून जिना उतरत होती, मागे मानसी, पायात चप्पलही नाही. मी रिक्षा थांबवली. मावशी सगळ्यांच्या मागून उतरली, हातात बादली, वर ओलं फडकं. माझ्या अंगावरून गेली ती. मला ओव्याचा वास यायला हवा होता. पण त्या दिवशी जगालाच धुराचा वास येत होता.

बाळ वाचलं. ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, नाकात नळी घातलेला तो जीव काचेतून बघवत नव्हता, पण वाचलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूर वगैरे केला होता का?" नलिनी म्हणाली, "छे हो, आम्ही अगरबत्तीसुद्धा बंद केलीय. डोंगर पेटलाय ना, त्याचा धूर." मावशी बाजूलाच उभी होती. ती बोलली नाही. डॉक्टरांनी मान हलवली, वणव्याच्या धुरानं रोज कोणी ना कोणी येतंच होतं. डोंगर एवढा पेटला होता की एका शेगडीवर संशय कोण घेणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रप्रकाश फाटकात उभा राहिला. रतन कामाला येत होती.

"एक पाऊल आत टाकायचं नाही!" तो ओरडला. "तुम्ही लोक डोंगर पेटवता आणि इथे माझी नात नळीवर पडलीय! वॉचमन, हिला परत आत सोडलंस तर तुझी नोकरी गेली समज!"

रतन म्हणाली, "साहेब, आम्ही कशाला पेटवू? आमची घरं तिथंच हायेत ना. माझा पोरगा वर हाय विझवायला."

"लावायचं तुम्ही आणि विझवायचं पण तुम्ही! बहोत अच्छा!"

आम्ही सगळे गॅलऱ्यांत उभे होतो. मीही होते. कोणी एक शब्द बोललं नाही. रतननं वर आमच्याकडे पाहिलं, मग फाटकाशी उभ्या असलेल्या मावशीकडे पाहिलं, आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली. तिची दोन्ही कामं सुटली. भाजीची फेरीही सुटली. डोंगर त्यानंतर दोन दिवसांनी विझला, काळा ठिक्कर होऊन.

बाळ घरी आलं. मावशी पुन्हा यायला लागली, पण ती मावशी नव्हे. पाटावर बसायची आणि गप्प. मी विचारलं, "काय गं, बरं नाही का?" तर म्हणे, "वय झाला." चहा उभ्यानंच प्यायला लागली, तेव्हा मला खरं तर चमकायला हवं होतं. नलिनी येईल जाईल त्याला सांगायची, "मावशी वेळेवर ओरडली म्हणून माझी नात वाचली!" आणि मावशी दरवेळी पदराचं टोक तोंडात धरून आत निघून जायची. आम्हाला वाटायचं, किती हा साधेपणा! माणसाला साधेपणा आणि शरम यांतला फरक कळत नाही, हे मी त्या महिन्यात शिकले.

बाळाला सव्वा महिना झाला आणि बारसं ठरलं. हॉल वगैरे नाही, घरातच. पाळण्याला फुलांच्या माळा, घुगऱ्यांची पातेली, मानसीच्या सासरची माणसं, आणि आम्ही शेजारी दाटीवाटीनं. बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं. अनुजा. पाठीवर थापा पडल्या, हसणं झालं. मग नलिनीनं मावशीसाठी आणलेली साडी बाहेर काढली, चांगली जरीच्या काठाची.

"आधी दृष्ट काढा पोरीची," मानसीच्या सासूबाई म्हणाल्या. "केवढ्या दुखण्यातून उठलीय!"

"मावशीच काढेल," नलिनी म्हणाली. "तिच्या हाताला यश आहे."

मावशी नको नको म्हणत होती, पण तिच्या मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या कोंबल्या गेल्या. गॅलरीत एका वाटीत निखारा ठेवला होता, बाळापासून लांब. मावशीनं मूठ बाळावरून उतरवायला सुरुवात केली. दृष्ट काढताना कोणाकोणाची ते नाव घेऊन सांगायचं असतं, नाहीतर उतरत नाही म्हणतात.

"आल्यागेल्याची," मावशी म्हणाली. आवाज अगदी खोल. "वाटेच्या वाटसराची. घरादाराची, शेजारापाजाराची..."

"पाड्यावरच्यांची म्हण," नलिनीनं सांगितलं. "त्यांचीच लागली. म्हण, मावशी. रतनची म्हण."

मावशीचा हात थांबला. मूठ बाळाच्या पायांजवळ तशीच. मला वाटलं पुढचं विसरली.

"म्हण ना!"

"कमळीची," मावशी म्हणाली.

"कोणाची?"

"माझी. कमळीची दृष्ट. माझीच लागली चेडवाक." आणि मग ती बोलत सुटली, मूठ तशीच धरून. "रतनीचा काय एक नाय. धूर डोंगराचो नव्हतो. धूर माझो. मी धुरी दिलंय, दार लावून. तू नको म्हणाली व्हतंस तरी दिलंय. ती गप झाली तेव्हा माका वाटला, निजली. मी, मी इतक्या पोरांक न्हाणयलंय, आणि माका झोप नि मराण वळखूक येवक नाय!"

कोणीतरी हसण्याचा प्रयत्न केला. मानसीच्या सासूबाईंनी "अहो, म्हाताऱ्या माणसाला काय कळतं" असं काहीतरी म्हटलं. मानसीनं पाळण्यातून बाळ उचललं आणि भिंतीपर्यंत मागे सरकली. ते मागे सरकणं मावशीनं पाहिलं. मला वाटतं, शिव्या दिल्या असत्या तर तिला एवढं लागलं नसतं.

"तेव्हा डॉक्टरांसमोर का नाही बोललीस?" नलिनीचा आवाज चिरकला. "मी विचारलं नसेल, पण तू उभी होतीस ना तिथे? माझ्या मानसीला वाढवलंस गं तू! तुझ्या जिवावर मी पोर सोडून खाली गेले!"

"लाज वाटली," मावशी म्हणाली. "आणि मगे रतनीक भायर काढल्यानी, तेव्हा तर जास्तीच वाटली. जितकी जास्ती वाटली, तितका तोंड बंद झाला."

चंद्रप्रकाश, ज्याचा आवाज शेजारच्या सोसायटीत जातो, तो घुगऱ्यांच्या पातेल्याकडे बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, "जाऊ दे. झालं ते झालं. पाहुण्यांसमोर नको आता. घरातली गोष्ट घरात राहू दे." आणि रतनचं काय, हे त्यानं विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर आमची मान खाली गेली ती मावशीसाठी नव्हे. गॅलऱ्यांत उभे राहून आम्ही जे गिळलं होतं, ते आता घशाशी आलं होतं.

मावशीनं मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन बेसिनमध्ये मूठ सोडली, वर नळ सोडला. साडी पाटावर तशीच ठेवली आणि जिना उतरली. मी मागोमाग गेले. वय झालेली बाई, तशा मनःस्थितीत रस्ता ओलांडणार, म्हणून गेले असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या घरात मला बसवेना.

ती सरळ पाड्याची वाट चालायला लागली. डांबरी रस्ता संपला, पायवाट लागली, दोन्ही बाजूंना जळालेली खोडं. पायाखाली अजून राख उडत होती. रतन अंगणात भांडी घासत होती. आम्हाला पाहूनही ती उठली नाही. मावशी अंगणाच्या कडेला उभी राहिली, आत पाऊल टाकेना.

"रतन, मी सांगून इलंय. सगळ्यांच्या म्होरं."

"काय सांगून?"

"धुरीचा."

रतननं पातेलं उपडं घातलं. "मला ठाव होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळीच तू शेण्या नेल्यास ना माझ्याकडनं. बाकी कोणाकडं तान्हं होतं तेव्हा?"

"मगे बोललंस कित्याक नाय गो? फाटकात तुका त्येनी काय काय म्हटला, तेव्हा तरी बोलायचास!"

"माझं कोण ऐकणार होतं?" रतन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला तिथे उभं राहणं आणखी अवघड झालं. "मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, आता म्हातारीवर ढकलतेय. तू बोलशील म्हणून थांबले. रोज वाट बघत होते, आज येशील, उद्या येशील. लई उशीर केलास, कमल."

आतून कोणीतरी खोकलं. खोकला थांबेना. कोरडा, छाती फोडणारा.

"सहदेव," रतन म्हणाली. "डोंगरावरनं आल्यापासनं असाच. औषध चालू हाय, डॉक्टर म्हणतो धीर धरा."

मावशीनं पदर खोचला आणि ती आत गेली. मी दारातून पाहत होते. सहदेव भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग. मावशी म्हणाली, "तेल असा?" रतननं कोपऱ्यातली बाटली दिली. कोमट करायला शेगडीकडे बोट दाखवलं, तर मावशीनं नको म्हणून मान हलवली. तळहातावरच तेल चोळून गरम केलं.

"वळ," ती सहदेवला म्हणाली. तो वळला आणि ती त्याची पाठ चोळायला लागली, खांद्यापासून खाली, तेच जुने हात. बराच वेळ चोळत होती. मला वाटलं, पाठच का? दुखणं तर छातीचं. मग लक्षात आलं. छाती चोळायची तर तोंडाकडे बघावं लागतं.

सहदेवला खोकल्याची उबळ येऊन गेली. तो दम घेत म्हणाला, "मावशी, पुढून चोळा ना. पुढं दुखतंय."

तिचे हात थांबले. तो स्वतःच वळून बसला, तिच्या समोर, आणि सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, "मावशी, चेअरमनसाहेबांची नात बरी हाय ना आता?"

मावशीनं तेल भरलेला हात त्याच्या छातीवर ठेवला आणि ती रडायला लागली. सहदेव घाबरून आईकडे बघत होता. मी दारात उभी होते, आणि बाळ बरं आहे, एवढं साधं वाक्य मलाही बोलता येईना.